लिंबू, मिस्त्री आणि वाढीव वॉरंटी

गाडीची जाहिरातीत छापलेली किंमत आणि तीच गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर काढण्यासाठी प्रत्यक्ष मोजावी लागणारी किंमत यांत जे अंतर पडते, त्यात दाटीवाटीने बसलेली बहुतेक कलमे गिऱ्हाइकाला विनासायास उमगतात. विमा कायद्याने लागतो, नोंदणी आणि रस्ताकर सरकारला द्यावाच लागतो, फास्टॅग नसेल तर टोलनाक्यावर भुर्दंड पडतो, आणि मडफ्लॅप व पायाखालच्या मॅट यांचे प्रयोजन पहिल्या पावसात आपोआप सिद्ध होते. या सरळमार्गी मंडळींत एक कलम मात्र असे असते की ज्याचे नाव वाचताना गिऱ्हाइकाचे बोट थांबते, भुवई वर जाते आणि चहा निवतो. ते कलम म्हणजे 'एक्स्टेंडेड वॉरंटी', अर्थात वाढीव हमी. नव्या गाडीबरोबर कंपनी जी मूळ हमी देते तिची मुदत सरल्यानंतरची एक, दोन किंवा तीन वर्षे ती हमी वेगळे पैसे भरून चालू ठेवण्याची ही सोय असून, हे कलम राहू द्यावे की त्यावर काट मारावी हा प्रश्न भल्याभल्या कुटुंबांत पोरीच्या स्थळाइतका चघळला जातो.

या प्रश्नाचा विचार गोंदिया जिल्ह्यातील कामठा या गावाच्या आधाराने करण्यास एक ऐतिहासिक कारण आहे. दिलेली हमी कोणत्या कारणाने आणि किती झटकन रद्द होते, याचा या गावाला दोनशे वर्षांचा अनुभव आहे. कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठाणे होते आणि जमीनदारी ही सनदेवर, म्हणजे सत्ताधीशाने दिलेल्या लेखी आश्वासनावर चालत असे. १८१८ मध्ये कामठ्याच्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो मोडल्यावर जमीनदारी त्या घराण्याकडून लोधी घराण्याकडे गेली. आजच्या हमीपत्राच्या भाषेत उठाव हा 'अनधिकृत फेरफार' या सदरात मोडला असावा. पुढे मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने जमीनदारीच संपली, म्हणजे हमी देणाऱ्याने ते मॉडेल बनवणेच बंद केले. गाव स्वतः जागचे तसूभर हलले नाही, पण १९५६ मध्ये ते मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून नव्या गोंदिया जिल्ह्यात गेले, आणि गाड्यांच्या पाट्यांवर ३६ च्या जागी ३५ आकडा आला. इतक्या वेळा मालकाचे नाव बदललेल्या गावाने कागदावरच्या आश्वासनाकडे डोळे बारीक करून पाहिले, तर त्याला संशयी म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रथम शब्दांचा निकाल लावणे इष्ट आहे. 'वॉरंटी', 'गॅरंटी' आणि 'वॉरंट' हे तिन्ही शब्द एकाच कुळातले असून युरोपातल्या भाषांच्या प्रवासात त्यांचे उच्चार फाटले. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र त्यांपैकी वॉरंट आधी पोहोचले, आणि त्यामुळे घरी वॉरंटीचा कागद आला आहे असे सांगितले की जुन्या पिढीतील माणूस अजूनही आधी 'कोणाच्या नावाचा?' असे विचारतो. बाजारात गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणे आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणे असा ढोबळ अर्थ रूढ आहे, परंतु कायद्याला तो ठाऊक नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात गॅरंटी म्हणजे तिसऱ्या माणसाने घेतलेली जामीनकी आहे, ज्यात ऋणको, धनको आणि पश्चात्ताप करणारा जामीन असे तीन पक्ष असतात. १९३० चा मालविक्री अधिनियम 'अट' आणि 'हमी' यांत भेद करतो: अट मोडली तर गिऱ्हाईक माल परत करू शकते, हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागू शकते, माल नाकारू शकत नाही. याचा अर्थ असा की हमी या शब्दाला कायद्याच्या घरात धाकट्या भावाचा मान आहे. तो पंगतीला असतो, पण वाटणीत त्याला विचारत नाहीत.

कामठ्याच्या शेतकऱ्याला हे धडे शोरूममध्ये जाण्यापूर्वीच मिळालेले असतात, कारण हमी हा शब्द त्याच्या आयुष्यात गाडीबरोबर नव्हे तर धानाबरोबर येतो. सरकार ज्या किमान दराने धान घेण्याचे जाहीर करते त्याला मराठीत हमीभाव म्हणतात, आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हा दर क्विंटलला २,३६९ रुपये आहे. परंतु ही हमी धानाच्या रास्त सरासरी प्रतीला आहे, म्हणजे ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नको, काडीकचरा व खडे ठरल्यापेक्षा जास्त नकोत, नोंदणी वेळेत हवी, सातबाऱ्यावर पीकपेरा हवा. खरेदी केंद्रावर ओलावा मोजणारे छोटे यंत्र धानाच्या मुठीत खुपसले जाते तेव्हा त्याच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्याकडे शेतकरी ज्या नजरेने पाहतो, ती नजर दहावीच्या निकालाकडे पाहणाऱ्या बापालाही साधत नाही. पीकविम्याचेही तसेच आहे; गारपीट किंवा शेतात पाणी तुंबून झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते, आणि त्या ७२ तासांत नेमके मोबाइलचे नेटवर्क गेलेले असते. सारांश, मोठ्या अक्षरांत दिलेली हमी बारीक अक्षरांत परत घेतली जाते, हे ज्ञान वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पुस्तकातून मिळते आणि धानउत्पादकाला दर दिवाळीनंतर मिळते. अशा माणसासमोर सोळा पानी हमीपत्र ठेवले की तो पहिले पान उघडतच नाही. तो शेवटून वाचायला सुरुवात करतो.

वाढीव हमीची कल्पना नवी आहे असा शोरूममधील तरुणांचा समज असतो, तो मात्र खरा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे गावव्यवस्थेचे वर्णन करणारे 'गांव-गाडा' हे पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचे नाव या लेखाला इतके सोयीचे आहे की त्याचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे ठरेल. बलुतेदारी म्हणजे काय, तर सुताराने व लोहाराने वर्षभर शेतकऱ्याची अवजारे आणि गाडा दुरुस्त करायचा, आणि शेतकऱ्याने सुगीला ठरलेला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, त्याला घालायचे. आस मोडला, आरा निखळला, चाकाची लोखंडी धाव सुटली, तरी दर खेपेला वेगळा पैसा नाही. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि बलुतेदाराला पुष्कळदा तोंडाला पाने पुसली जात, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि हमीचा करार म्हणून पाहिले तर तिच्यात एक गुण होता. दुरुस्ती करणारा गावातच राहत असे, त्यामुळे 'ही तक्रार करारात बसत नाही' हे वाक्य त्याला संध्याकाळी पारावर पुन्हा एकदा चारचौघांत बोलून दाखवावे लागे. दूरच्या शहरातील कॉल सेंटरला पार नसतो.

हमी का विकली जाते आणि का घेतली जाते, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या एका निबंधात आहे. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला आणि २००१ मध्ये अकरलॉफना ज्या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्याच्या मुळाशी तोच होता, ही गोष्ट साभार परत आलेल्या सर्व मराठी लेखकांनी जपून ठेवण्यासारखी आहे. निबंधाचा विषय जुन्या मोटारींचा बाजार असा आहे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना वाईट धरून भाव करतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात खरोखर वाईटच गाड्या उरतात. यावर उतारा म्हणून ज्या सोयी निर्माण होतात त्यांत अकरलॉफ हमीची गणना करतात. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये भारतात राहून गेले होते, आणि त्याच निबंधात बाजारातून आणलेल्या तांदळातील मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे वेचणाऱ्या भारतीय गृहिणीचा दाखला आहे. म्हणजे ज्या सिद्धान्ताला स्टॉकहोममध्ये पदक मिळाले, त्याची प्रात्यक्षिके तांदळाच्या या मुलखात रोज सकाळी सुपात चालू होती, फक्त ती नियतकालिकाकडे पाठवायला सवड कोणाला नव्हती.

अमेरिकन बोलीत वाईट निघालेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, असे म्हणतात आणि निबंधाच्या नावात तेच फळ आहे. हा योगायोग तौलनिक संस्कृतीच्या अभ्यासकांनी दुर्लक्षिला आहे. गाडी लिंबू निघू नये म्हणून कामठ्यात, आणि खरे तर सबंध महाराष्ट्रात, नव्या गाडीच्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून ती पहिल्यांदा पुढे घेतली जाते. अमेरिकेला जे फळ रोग वाटते तेच येथे लस म्हणून टोचले जाते. त्याखेरीज पुढच्या बंपरला लिंबू आणि सात मिरच्या लटकवल्या जातात. काटेकोरपणे पाहिल्यास ही एका आठवड्याची वाढीव हमी आहे: किंमत दहा-वीस रुपये, नूतनीकरण शनिवारी, किलोमीटरची मर्यादा नाही, पूर्वीच्या बिघाडाची चौकशी नाही, वगळलेल्या भागांची यादी नाही. दावा केल्यास काही मिळत नाही हा दोष आहे खरा, पण दावा फेटाळल्याचे पत्रही येत नाही.

आता अभियांत्रिकीच्या बाजूने पाहू जाता, यंत्रे केव्हा बिघडतात याचा एक ठरावीक आलेख असतो आणि त्याच्या आकारावरून त्याला बाथटबचा वक्र म्हणतात. कामठ्याच्या वाचकासाठी टबाऐवजी गोठ्यातील गव्हाण डोळ्यांपुढे आणावी. डाव्या टोकाला कड उंच, कारण कारखान्यातील चुका पहिल्या काही महिन्यांतच बाहेर येतात. मग लांबच लांब सपाट तळ, जिथे काही होत नाही. आणि उजवीकडे पुन्हा कड चढते, कारण भाग झिजतात. मूळ हमी डाव्या कडेवर बसलेली असते. देशात सर्वाधिक गाड्या विकणाऱ्या मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून आपली मूळ हमी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत वाढवली, आणि पैसे भरल्यास ती सहाव्या वर्षापर्यंत व १,६०,००० किलोमीटरपर्यंत नेता येते. या वाढीव टप्प्यांना प्लॅटिनम, रॉयल प्लॅटिनम, सॉलिटेअर अशी सराफकट्ट्यावर शोभतील अशी नावे आहेत, परंतु गव्हाणीत त्यांची जागा बहुतांशी तळाशी आहे. उजवी कड बहुधा त्यांच्या पलीकडे सुरू होते, आणि हा काही कंपनीच्या हिशेबातला नजरचुकीचा भाग नव्हे.

'जे आधी घडेल ते' हा शब्दप्रयोग येथे कळीचा आहे. वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तिथे हमी संपते. कामठ्यातील गाडीचा दिनक्रम पाहिला तर तिची धाव गोंदियाचा बाजार, दवाखाना, पोरांच्या शाळा-कॉलेजचे काम, लग्नसराईत आमगाव, तिरोडा किंवा सीमेपलीकडचे बालाघाट, आणि वर्षातून दोन-चारदा नागपूर एवढीच असते. समजा, ती वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. तर १,००,००० किलोमीटर व्हायला साडेबारा वर्षे लागतील, तोवर पोरगी लग्न होऊन सासरी गेलेली असेल आणि गाडीही तिच्याच पाठोपाठ गेलेली असेल. म्हणून या गावी किलोमीटरचा आकडा कितीही भव्य असला तरी तो शोभेचा आहे. मुंबई-पुण्याच्या टॅक्सीवाल्याला वर्षे शोभेची आणि किलोमीटर खरे. एकच कागद दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू विकतो.

याहून मोठा विषय हमीतून वगळलेल्या गोष्टींचा आहे आणि येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स, स्टिअरिंगची यंत्रणा, एसीचा कॉम्प्रेसर, स्टार्टर मोटर आणि गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, म्हणजे ईसीयू, यांना वाढीव हमीत सहसा स्थान असते. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, वायपर, फिल्टर, बल्ब, रबरी भाग हे 'झिजणारे' म्हणून बाहेर. टायर आणि बॅटरी यांची हमी त्यांच्या त्यांच्या कंपनीकडे. अपघात, पूर, भेसळीचे इंधन, आणि ठरल्या मुदतीत सर्व्हिसिंग न करणे हेही बाहेर. शहरातील माणसाला ही यादी नेहमीची वाटते. कामठ्यात मात्र ती वाचताना असे वाटू लागते की यादी करणारा माणूस आदल्या आषाढात येथे येऊन गेला असावा. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाचे पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांध्यांत लावण्याच्या दिवसांत, ट्रॅक्टर आपल्या लोखंडी केजव्हीलसह बांधीतून सडकेवर चढतात आणि निम्मी बांधी सडकेवर आणून ठेवतात. त्या चिखलातून गाडी नेली तर खालच्या बाजूला जे काही होते त्याला कंपनीच्या भाषेत 'बाह्य कारण' म्हणतात. मळणीच्या दिवसांत भुसा उडतो, तो एअर फिल्टरमध्ये जातो, फिल्टर झिजणारा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीजवळ जातो, वायपरचे रबर वाळल्या चिंचेसारखे होते, रबर झिजणारे. झिजत नाहीत असे फक्त गाडीचे हप्ते.

सर्वांत ठळक बाह्य कारण म्हणजे उंदीर. ज्या घरात धान साठवलेले असते त्या घरात उंदीर असतो, आणि ज्या अंगणात गाडी उभी असते तिथे हिवाळ्याच्या रात्री तो इंजिनाच्या उबेला जातो व शिष्टाचार म्हणून दोन-चार वायरी कुरतडतो. एका वायरीची किंमत फार नसते, पण आधुनिक गाडीत वायरी सुट्या नसून त्यांचा जुडगा, ज्याला वायरिंग हार्नेस म्हणतात, तो अखंड बदलण्याकडे वर्कशॉपचा कल असतो आणि त्याचे बिल ऐकून मालकच बाह्य कारणासारखा दिसू लागतो. हमीपत्रात उंदराने केलेले नुकसान वगळलेले असते. ज्याला साक्षात गणपतीने वाहन म्हणून स्वीकारले त्या प्राण्याला वाहनाच्या हमीतून बाहेर काढावे, ही विसंगती आजवर कोणत्याही ग्राहक आयोगापुढे मांडली गेली असल्यास ती ऐकायला आवडेल. यावर स्थानिक उपाय तंबाखूचा आहे. बीड्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात तंबाखूची वाण नाही. फडक्यात बांधलेली पानांची पुरचुंडी बोनेटखाली, बॅटरीच्या बाजूला खोचून ठेवतात, आणि ती तिथे कोणी ठेवली असे वर्कशॉपमध्ये विचारले की सगळे घर आजोबांकडे पाहते.

इंधनाचीही एक गंमत आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते आणि त्याचे प्रमाण आता २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या मिश्रणाला सोसतील अशा भागांच्या असतात, त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच भाषा होती, आणि म्हणून २०२५ मध्ये जुन्या गाडीवाल्यांनी हमीबद्दल बरीच ओरड केल्यावर सरकारला व कंपन्यांना खुलासे करावे लागले. हे इथेनॉल उसापासून आणि मक्यापासून होते तसे सरकारी गोदामांतील अतिरिक्त तांदळापासूनही होते. अर्थात आपल्याच बांधीतले धान हमीभावाने विकून, तेच थेंबाथेंबाने आपल्याच टाकीत परत घेऊन, त्याने इंजिनाचे काही बिघडले तर ते कोणत्या हमीत बसते असे विचारण्याची वेळ या मुलखातील शेतकऱ्यावर येऊ शकते.

परंतु कामठ्यासारख्या गावी खरा पेच यांपैकी कशाचाच नसून मिस्त्रीचा आहे. मिस्त्री म्हणजे कोणत्याही कंपनीचा अधिकृत नसलेला, सडकेच्या कडेला टिनाच्या छपराखाली बसणारा आणि गावातील प्रत्येक इंजिनाला आवाजावरून ओळखणारा कारागीर. तो निदान कसे करतो हे पाहण्याजोगे असते. इंजिन सुरू ठेवायला सांगून तो हातभर लांबीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या धडावर टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो, आणि भोवतीच्या चौघांना हाताने गप्प करतो. मग टोक दोन इंच सरकवतो, पुन्हा ऐकतो, आणि 'बेअरिंग' एवढा एकच शब्द बोलून बीडी पेटवतो. हमीपत्राच्या दृष्टीने तो अनधिकृत हस्तक्षेप आहे. त्याने एकदा पाना लावला की पुढचा प्रत्येक बिघाड त्याच्याच माथी मारण्याची मुभा कंपनीला मिळू शकते, आणि म्हणून वाढीव हमी घेणे याचा कामठ्यातील व्यावहारिक अर्थ पुढची काही वर्षे मिस्त्रीशी अबोला धरणे असा होतो. गोंदियाचे वर्कशॉप तसे अर्ध्या तासावर आहे, पण तिथे नंबर लावावा लागतो. दुर्मीळ भाग नागपूरहून येतो, आणि नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर असले तरी बंद पडलेली गाडी रेल्वेने नेता येत नाही. मिस्त्री रात्री साडेनऊला फोन उचलतो. शिवाय त्याच्या पोरीच्या लग्नात जेवलेले असते.

मिस्त्रीच्या बाजूने एवढे बोलल्यावर काळाची बाजूही मांडली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले आणि गाड्यांत जागोजागी सेन्सर बसले. पूर्वी कार्ब्युरेटर फुंकून जे काम होत असे त्यासाठी आता स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर खुपसून ईसीयूला विचारावे लागते की बाबा, तुला काय होते आहे. स्क्रू-ड्रायव्हरला बेअरिंगचा आवाज ऐकू येतो, सॉफ्टवेअरचा येत नाही. त्यामुळे टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मोठा टचस्क्रीन अशी खर्चीक अंगे असलेली गाडी पाच-सात वर्षे ठेवायची असेल, तर वाढीव हमीला अर्थ आहे, कारण त्यातला एकच भाग गेला तरी हमीची किंमत वसूल होऊ शकते. उलट साधे पेट्रोल इंजिन, हाताचा गिअर आणि वर्षाला ८,००० किलोमीटर असा संसार असेल, तर काट मारलेली बरी. हा निर्णय इतक्या सरळ निकषांवर घेता येतो, आणि नेमके म्हणूनच तो कोणत्याही घरात तसा घेतला जात नाही.

घरात तो असा घेतला जातो. कोटेशनचा कागद सपरीतल्या, म्हणजे घराच्या दर्शनी पडवीतल्या, पलंगावर पोहोचतो आणि उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला जातो. समजा, वाढीव हमीची रक्कम करासह १५,००० रुपये आहे. आजोबा तिचे धान करतात: हमीभावाने सहा क्विंटल तेहतीस किलो. 'कायले पायजे ते? मिस्त्री हाये ना आपला,' असा त्यांचा शेरा पडतो. नोकरीवाला मुलगा सांगतो की शोरूममधल्या पोराने चौथ्या वर्षीच्या खर्चाचे आकडे दाखवले. त्यावर सून, जिच्याकडे घरचे हिशेब असतात, विचारते की त्याच पोराने गाडी दाखवताना हिला पाच-सात वर्षे काहीच होत नाही असे सांगितले होते, तर त्याच्या दोन वाक्यांपैकी कोणते खरे धरायचे. नागपूरचे जावई फोनवरून आपल्या साडूच्या गाडीचा गिअरबॉक्स गेल्याची कथा सांगतात. आकडेशास्त्रात एका साडूच्या अनुभवाला नमुना म्हणत नाहीत, पण कुटुंबात तो निर्णायक असतो. शेवटी कोणीतरी सुचवते की हेच १५,००० पोस्टात ठेवावेत आणि गाडीला लागले तर मोडावेत. अर्थशास्त्र याला स्वविमा म्हणते आणि कागदावर तो बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो. या योजनेचा एकमेव दोष असा की पोस्टातील पैशाला गाडीपेक्षा जवळचे नातेवाईक असतात, आणि चौथे वर्ष उजाडेपर्यंत तो कोणाच्या तरी साखरपुड्यात, तोही नातवाच्या नव्हे तर चुलतभावाच्या साखरपुड्यात, खर्ची पडलेला असतो. कंपनीला दिलेला पैसा निदान साखरपुड्याला मागता येत नाही. वाढीव हमीचा हा गुण तिच्या पत्रकात छापलेला आढळत नाही.

या चर्चेत एक साधी गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटते. मूळ हमी तीन वर्षांची असेल तर आज भरलेले पैसे चौथ्या वर्षी कामाला लागणार, म्हणजे तीन वर्षे ते आमंत्रण मिळालेल्या पण पंगत न बसलेल्या पाहुण्यासारखे ताटकळणार. गाडी कर्जावर असेल आणि हमीची रक्कमही त्याच कर्जात घातली असेल, तर या ताटकळण्याचे व्याजही भरावे लागणार. बहुतेक कंपन्या मूळ हमी संपण्यापूर्वी केव्हाही वाढीव हमी विकतात. उशिरा घेतल्यास ती महाग पडते एवढेच, आणि तो वाढीव दर म्हणजे तीन वर्षे गाडी पारखून पाहण्याची फी समजावी. डाव्या कडेवरून गाडी सुखरूप उतरली की नाही हे तोवर कळलेले असते. त्यामुळे शोरूममध्ये त्याच दिवशी निर्णय घेण्याची घाई फक्त विक्रेत्याच्या महिनाअखेरीला असते, गाडीला नसते.

कामठ्यातील शहाणी घरे म्हणूनच कागदावर काट मारतात आणि तारीख मात्र आरसीच्या पाकिटावर बॉलपेनने लिहून ठेवतात. तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात मग एक वेगळाच सोहळा होतो. हमी आहे तोवर जे निघेल ते काढून घ्यावे, आणि जे निघेल त्यावरून पुढचे पैसे भरायचे की नाही ते ठरवावे, या हिशेबाने सगळे घर गाडीत बसते. एसी बंद, काचा वर, कोणी बोलायचे नाही, आणि गाडी खरखरीत रस्त्याने हळूहळू चालवायची. तीन वर्षे ज्या आवाजांकडे कोणी लक्ष दिले नाही ते एकेक ऐकू येऊ लागतात: मागच्या दाराची कुरकुर, हातमोज्यांच्या कप्प्यात विसरलेली अडकित्त्याची जोडीदार डबी, आणि वळणावर येणारी एक बारीक टकटक, जी सगळ्यांना ऐकू येते पण जिची जागा कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा गाडी मिस्त्रीच्या टिनाच्या छपरापाशी थांबते आणि त्याला मानाने पुढच्या सीटवर बसवले जाते. करार त्याला ठाऊक असतो. तो गाडीला बोटही लावत नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, स्क्रू-ड्रायव्हर दुकानातच ठेवून, बिरसीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन वळणे होईतो डोळे मिटून ऐकत राहतो.

'डाव्या चाकाकडं हाये जी काहीतरी,' तो उतरताना सांगतो, 'पन माहं नाव नोका सांगू तिथं.'